ब्लॅकलिस्ट करूनही यूएसबी स्टोरेज मॉड्यूल लोड होतंय, अडवायचं नेमकं कुठे?

साक्षेपी

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रयोगशाळेत बारा सामायिक संगणक आहेत, सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली. मोजमापाच्या फायली बाहेर जाऊ नयेत आणि बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून पेन ड्राइव्ह बंद करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. (आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग.)

पेन ड्राइव्ह चालवतं ते यूएसबी-स्टोरेज हे मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, हवं तेव्हा लोड होणारा ड्रायव्हर). म्हणून मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोब या आज्ञेचे नियम असतात त्या /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ फोल्डरमध्ये मी एक नवी फाइल केली. शेवट .कॉन्फ असाच आहे, कारण तसा नसेल तर फाइल वाचलीच जात नाही हे वाचलं होतं. आत एकच ओळ:

ब्लॅकलिस्ट यूएसबी-स्टोरेज

संगणक बंद करून पुन्हा चालू केला. एलएसमॉडच्या (लोड झालेली मॉड्यूलं दाखवणारी आज्ञा) यादीत यूएसबी_स्टोरेज नव्हतं, बरं वाटलं. मग पेन ड्राइव्ह लावला आणि तो नेहमीसारखा उघडला. पुन्हा एलएसमॉड:

यूएएस ३२७६८ ०
यूएसबी_स्टोरेज ८६०१६ २ यूएएस

फाइल जागेवर आहे, स्पेलिंग चार वेळा तपासलं. एकदा वाटलं की फाइलमध्ये मधली रेघ आहे आणि यादीत खालची रेघ, त्यामुळे जुळत नसेल. तेही बदलून पाहिलं, फरक शून्य. मॉड्यूल काळ्या यादीत असताना ते आत येतंच कसं?

---

खोलवर

साक्षेपी, तुम्ही एलएसमॉडच्या त्या दोन ओळी दिल्यात हे फार बरं केलंत. उत्तर त्यांतच आहे.

शेवटचे आकडे पाहा. यूएएससमोर शून्य आहे, म्हणजे ते मॉड्यूल आत्ता कोणाच्याच कामाचं नाही. यूएसबी_स्टोरेजसमोर दोन आहे. त्यातला एक वापर यूएएसचा (पुढे नावच दिलंय) आणि दुसरा तुमच्या माउंट झालेल्या पेन ड्राइव्हचा. थोडक्यात, पेन ड्राइव्ह चालवतंय यूएसबी_स्टोरेज, पण त्याला घरात घेऊन आलंय यूएएस.

हे कसं घडतं ते नीट सांगतो, कारण ही साखळी एकदा कळली की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात. उपकरण जोडलं की कर्नल त्याची ओळख एका लांबलचक मजकुरात मांडतो, त्याला मॉडएलियस म्हणतात. त्यात निर्मात्याचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, वर्ग, उपवर्ग, प्रोटोकॉल असं सगळं असतं. नेहमीच्या पेन ड्राइव्हचा वर्ग ०८, उपवर्ग ०६, प्रोटोकॉल ५०. युडेव्ह (नव्या उपकरणांची दखल घेणारा प्रोग्राम) हा मजकूर उचलतो आणि /लिब/मॉड्यूल्स/ खाली त्या कर्नलच्या फोल्डरमधल्या मॉड्यूल्स.एलियस या फाइलशी ताडून बघतो. जेवढी मॉड्यूलं जुळतील तेवढी लोड करायला सांगतो.

एक नव्हे, जुळतील तेवढी. यूएएस हे वेगवान बाह्य डिस्कसाठीचं मॉड्यूल, त्याचा खरा प्रोटोकॉल ६२. पण अशा डिस्क सुरुवातीला स्वतःची ओळख ५० अशीच देतात आणि ६२ हा पर्याय म्हणून ठेवतात. म्हणून यूएएसच्या ओळखयादीत ५० आणि ६२ दोन्ही आहेत. परिणामी साधा पेन ड्राइव्ह लावला तरी यूएएसला हाक जाते. आणि यूएएस हे यूएसबी-स्टोरेजवर अवलंबून आहे. खात्री करून घ्या:

मॉडप्रोब --शो-डिपेंड्स यूएएस

यात यूएएसच्या आधी यूएसबी-स्टोरेजची ओळ दिसेल.

आता मुख्य मुद्दा. 'ब्लॅकलिस्ट' या शब्दावरून आपल्याला वाटतं की मॉड्यूलला बंदी घातली. तशी बंदी तो घालतच नाही. त्याचा अर्थ एवढाच की 'या मॉड्यूलच्या स्वतःच्या ओळखयादीवरून कोणी हाक मारली तर लक्ष देऊ नका'. दुसऱ्या मॉड्यूलने अवलंबित्व म्हणून ओढलं तर ते येतं. कोणी मॉडप्रोबला नाव घेऊन सांगितलं तरी येतं.

तेव्हा दुसरी ओळ घाला, ब्लॅकलिस्ट यूएएस. आणि रेघेची काळजी सोडा, मॉडप्रोबच्या लेखी मधली रेघ आणि खालची रेघ सारखीच.

---

साक्षेपी

खोलवर, मनापासून आभार. तो शेवटचा आकडा मी रोज पाहते, पण कधी वाचला नव्हता. दोन्ही ओळी घातल्या, पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क दोन्ही आता गप्प आहेत. उद्या उरलेल्या अकरांवर करते.

---

अभ्यासू_मी

चांगला धागा. विंडोजवर हेच काम करणाऱ्यांसाठी एक समांतर माहिती. तिथे रजिस्ट्रीत सिस्टिम, मग करंटकंट्रोलसेट, मग सर्व्हिसेस अशा वाटेने गेलं की प्रत्येक ड्रायव्हरची एक नोंद असते. तीत 'स्टार्ट' नावाचा आकडा असतो. ० म्हणजे बूट लोडरच उचलतो, १ म्हणजे कर्नल उभा राहताना, २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे गरज पडेल तेव्हा आणि ४ म्हणजे बंद. यूएसबीस्टोअर या नोंदीचा आकडा ३ वरून ४ केला की पेन ड्राइव्ह चालत नाही.

लिनक्समध्ये असा एकच आकडा का नाही, हा माझा प्रश्न.

---

खोलवर

कारण लिनक्समध्ये कोणतं मॉड्यूल घ्यायचं हा निर्णय बहुतांशी कर्नलबाहेर होतो. कर्नल फक्त सांगतो की असं असं उपकरण आलंय. त्यावर काय करायचं ते युडेव्ह आणि मॉडप्रोबचे नियम ठरवतात, आणि ते साध्या मजकुराच्या फायलींत असतात. मला ही रचना आवडते. कोणती ओळ कुठून आली हे मॉडप्रोब -सी करून पूर्ण वाचता येतं, काहीही झाकलेलं नसतं. किंमत एवढीच की वाटा अनेक आहेत आणि आपल्याला त्या माहीत असाव्या लागतात.

---

रातकिडा

माझा प्रश्न उलटा आहे, धाग्यात चालेल ना? मला एक मॉड्यूल सुरुवातीला हवंच आहे, पण ते आपोआप येत नाही. दर वेळी हाताने मॉडप्रोब करावं लागतं.

---

खोलवर

चालेल की. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये .कॉन्फ शेवट असलेली फाइल करा आणि आत फक्त मॉड्यूलचं नाव लिहा, एका ओळीत एक. सिस्टिमडी (संगणक सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणारा प्रोग्राम) ती सुरुवातीला वाचतं. मॉड्यूलला काही पर्याय द्यायचे असतील तर ते इथे नाही, मॉडप्रोब.डी मध्ये 'ऑप्शन्स' या शब्दाने. लोक हे दोन फोल्डर हमखास उलटसुलट करतात.

---

साक्षेपी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले आहे आणि आज मन थोडं खट्टू आहे.

सगळे बारा संगणक बंदिस्त झाले असं मी लेखी कळवलं होतं. आज सकाळी एका सहकाऱ्याचा पेन ड्राइव्ह रात्रीपासून संगणकाला तसाच लावलेला होता. त्यांनी संगणक सुरू केला आणि पेन ड्राइव्ह उघडला. मी समोर उभी होते. काढून पुन्हा लावला तरी उघडला. मग संगणक बंद केला, पेन ड्राइव्ह काढला, संगणक चालू केला, मग पेन ड्राइव्ह लावला. आता नाही उघडला.

म्हणजे सुरू होताना पेन ड्राइव्ह आधीच लावलेला असेल तर माझी फाइल निरुपयोगी. असं का?

---

जुनाखांब

साक्षेपीताई, खट्टू होऊ नका. तुम्ही सगळ्या शक्यता एकेक करून पाहिल्यात, म्हणून दोष लगेच सापडतो. हा इनिटरॅमएफएसचा मामला आहे.

संगणक सुरू होताना मुख्य डिस्क लगेच हाती येत नाही. ती उघडायलाच ड्रायव्हर लागतात, आणि ते ड्रायव्हर त्याच डिस्कवर. ही गाठ सोडवायला कर्नलसोबत एक छोटी फाइल प्रणाली मेमरीत येते, ती इनिटरॅमएफएस. तिच्यात निवडक मॉड्यूलं असतात, स्वतःचा युडेव्ह असतो आणि मॉडप्रोब.डी ची स्वतःची प्रत असते. ही प्रत इनिटरॅमएफएस बांधली त्या दिवशीची. तुम्ही नंतर केलेली फाइल तिच्यात नाही.

डेबियन नेहमीच्या मांडणीत इनिटरॅमएफएसमध्ये भरपूर मॉड्यूलं भरून ठेवतं, यूएसबी स्टोरेजसुद्धा, कारण कोणाची मुख्य डिस्क यूएसबीवर असू शकते. त्यामुळे पेन ड्राइव्ह आधीच लावलेला असेल तर तुमची फाइल वाचली जाण्याच्या आतच मॉड्यूल लोड होतं. आणि एकदा आलं की ते राहतं, म्हणून काढून पुन्हा लावल्यावरही चाललं.

आधी खात्री करा. एलएसइनिटरॅमएफएस ही आज्ञा बूट फोल्डरमधल्या इनिटआरडी फाइलवर (इनिटरॅमएफएस तीतच असते) चालवा आणि तुमच्या फाइलचं नाव शोधा. सापडणार नाही. मग:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

शेवटचं 'ऑल' विसरू नका. नुसतं -यू दिलं तर फक्त सर्वांत नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस बदलते. बूट मेनूत जुना कर्नलही असतो. तो निवडला की जुनी प्रत आणि बंदी गायब.

फेडोरावाल्यांनी ड्राकट -एफ, आर्चवाल्यांनी एमकेइनिटसीपिओ -पी (मोठा पी).

---

खोलवर

जुनाखांब यांच्याशी पूर्ण सहमत. ही गोष्ट मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवी होती, ती राहिली. क्षमस्व.

आता हात घातलाच आहे तर ब्लॅकलिस्टवर थांबू नका, कारण हेतू सुरक्षेचा आहे. यूएसबी-स्टोरेजवर अवलंबून असणारं यूएएस एकटंच नाही. 'यूएमएस' ने सुरू होणारी कितीतरी छोटी मॉड्यूलं आहेत, काही कार्ड रीडरसाठी, काही जुन्या कॅमेऱ्यांसाठी. त्यातलं कोणतंही आलं की ते यूएसबी_स्टोरेजला सोबत आणणार. प्रत्येकाची ओळ लिहीत बसण्यापेक्षा मुळाशीच अडवा:

इन्स्टॉल यूएसबी-स्टोरेज /बिन/फॉल्स

'इन्स्टॉल' चा अर्थ असा की हे मॉड्यूल लोड करायची वेळ आली तर त्याऐवजी ही आज्ञा चालवा. फॉल्स या आज्ञेचं कामच अपयश कळवणं, त्यामुळे मॉड्यूल येत नाही आणि त्यावर अवलंबून असलेलंही अडतं. बऱ्याच ठिकाणी /बिन/ट्रू लिहिलेलं दिसेल. मी ते टाळतो. ट्रू यशस्वी झाल्याचं कळवतं, मग यूएएस आपला आधार आलाय असं धरून पुढे जातं आणि ओळखीचं फंक्शन न सापडल्याची तक्रार कर्नलच्या नोंदींत टाकून पडतं. मॉड्यूल दोन्ही रीतींनी अडतं, पण सहा महिन्यांनी नोंदी वाचणाऱ्याला फॉल्सची त्रुटी सरळ कळते, ट्रूची कळत नाही.

ब्लॅकलिस्टच्या दोन्ही ओळी राहू द्या. त्या असल्या की नेहमीचा पेन ड्राइव्ह लावल्यावर उगाच त्रुटीसुद्धा नोंदली जात नाही.

---

जुनाखांब

सुरक्षेचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण देतो. उपकरणच नसेल तर मॉड्यूल कशाला येईल, असं पुष्कळांना वाटतं.

डीसीसीपी नावाचा एक नेटवर्क प्रोटोकॉल लिनक्स कर्नलमध्ये २००५ पासून होता. वापरणारे अगदी थोडे. २०१७ साली त्यात एक गंभीर दोष उघड झाला (नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१७-६०७४), आणि तो बहुधा पहिल्या दिवसापासून तिथे होता. संगणकावर खातं असलेला कोणीही साधा वापरकर्ता त्यातून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता. मॉड्यूल आधी लोड असण्याचीही गरज नव्हती. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामने त्या जातीचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) मागितलं की कर्नल स्वतःच मॉडप्रोबला हाक मारून मॉड्यूल आणतो. ना उपकरण, ना युडेव्ह.

पॅच लावेपर्यंत तातडीचा उपाय हाच होता, 'इन्स्टॉल डीसीसीपी' ची एक ओळ. तेव्हापासून नवा सर्व्हर हाती आला की मी न लागणारे प्रोटोकॉल आणि न लागणाऱ्या फाइल प्रणाली याच रीतीने बंद करतो. जे लोडच होत नाही त्यातला दोष आपल्याला बाधत नाही.

---

रातकिडा

मी आत्ता घरच्या संगणकावर इन्स्टॉलची ओळ करून पाहिली. मॉडप्रोबने लोड झालं नाही, पण सुडो इन्समॉड आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिला तर झालं! मग बंदी कसली?

---

खोलवर

बरोबर निरीक्षण. इन्समॉड मॉडप्रोब.डी वाचतच नाही, तो फाइल उचलून थेट कर्नलच्या हाती देतो. ज्याच्याकडे रूटचे अधिकार आहेत त्याला मजकुराच्या फायली अडवू शकत नाहीत. तो स्वतः त्या फायली बदलू शकतो.

यापुढे दोन उपाय आहेत, दोन्ही कर्नलच्या आतले. एक, ग्रबमधून (संगणक सुरू होताना कर्नल उचलणारा प्रोग्राम) कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत

मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=यूएसबी_स्टोरेज

हे लिहिलं की खुद्द कर्नल ते मॉड्यूल नाकारतो, मग ते मॉडप्रोबने येवो की इन्समॉडने. इथे मात्र नाव खालच्या रेघेनेच लिहा. मॉडप्रोब रेघा जुळवून घेतो, इथे तशी सवलत धरू नका. आणि याच्याशी नावाने मिळताजुळता 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=' असा पर्याय आहे, तो वेगळा. तो फाइलमधल्या ब्लॅकलिस्टसारखाच सौम्य आहे.

दुसरा उपाय सिसकंट्रोलमधला (चालू कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारी आज्ञा) कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड. त्याला १ दिलं की त्यानंतर एकही मॉड्यूल आत येत नाही, बाहेरही जात नाही, आणि संगणक बंद करून चालू करेपर्यंत ते ० करता येत नाही, रूटलाही नाही. सगळी उपकरणं ठरलेली असलेल्या सर्व्हरला उत्तम. सामायिक डेस्कटॉपवर मी ते सुचवणार नाही, दुपारी कोणी नवं उपकरण जोडलं की अडचण.

रातकिडा, साक्षेपीताईंच्या सहकाऱ्यांकडे रूट नसेल असं मी धरून चाललोय.

---

साक्षेपी

नाहीये. रूट फक्त माझ्याकडे.

---

अभ्यासू_मी

दोन गोष्टी राहताहेत असं वाटतं.

एक, मोबाइल. केबलने जोडलेला फोन फायली देतो तो बहुतेक वेळा एमटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलने. त्याचं काम कर्नलबाहेरचा प्रोग्राम थेट यूएसबीशी बोलून करतो, यूएसबी_स्टोरेजचा त्यात संबंधच येत नाही. म्हणजे मॉड्यूल बंद, तरी फोनवर फाइल जाणार. त्यासाठी यूएसबीगार्ड पाहा. ते मॉड्यूलच्या नाही तर उपकरणाच्या पातळीवर काम करतं, ठरवून दिलेली उपकरणंच आत.

दोन, कोणी पेन ड्राइव्हवरूनच दुसरी प्रणाली सुरू केली तर तुमच्या डिस्कवरचे हे नियम लागूच होत नाहीत. फर्मवेअरमध्ये (बायोस) बाहेरून बूट बंद करा आणि पासवर्ड लावा. ग्रबलाही लावा, नाहीतर मेनूत ती कर्नलची ओळ कोणीही बदलेल.

---

रातकिडा

मदत हवी आहे, घाईची. जुनाखांब यांचं वाचून मी माझ्या संगणकावर बरीच मॉड्यूलं इन्स्टॉल-फॉल्स केली आणि इनिटरॅमएफएस बांधली. आता संगणक मुख्य डिस्क सापडत नाही म्हणून काळ्या पडद्यावर थांबलाय. हे फोनवरून लिहितोय.

---

जुनाखांब

घाबरू नका. डेटाला काही झालेलं नाही. तुम्ही 'ऑल' दिलं होतं का?

---

रातकिडा

नाही, नुसतं -यू.

---

जुनाखांब

छान. मग संगणक पुन्हा चालू करा, ग्रबच्या मेनूत प्रगत पर्यायांत जा आणि आधीचा कर्नल निवडा. त्याची इनिटरॅमएफएस जुनीच आहे, तिच्यात डिस्कचा ड्रायव्हर मोकळा आहे. तो आत लोड झाला की मुख्य प्रणालीतली तुमची फाइल त्याला बाहेर काढू शकत नाही. आत शिरलात की यादी इथे टाका.

---

रातकिडा

सुरू झाला! यादीत 'एएचसीआय' होतं. मला ते काही जुनं वाटलं म्हणून टाकलं.

---

खोलवर

एएचसीआय म्हणजे साटा डिस्कचा नियंत्रक, तुमची मुख्य डिस्क त्यावरच आहे. ती ओळ काढा, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा, मगच संगणक बंद करा.

कोणतंही नाव यादीत टाकण्याआधी तीन आज्ञा चालवत जा. एलएसपीसीआय -के, कोणतं उपकरण आत्ता कोणत्या ड्रायव्हरवर चाललंय ते दिसतं. मॉडइन्फो आणि नाव, ते मॉड्यूल कशासाठी आहे ते एका ओळीत कळतं. आणि मॉडप्रोब -एन -व्ही आणि नाव. ही रंगीत तालीम आहे, काय घडेल ते सांगते, करत काही नाही. मॉड्यूल आधीच लोड असेल तर ती काहीच दाखवत नाही, तेव्हा गोंधळू नका.

आणि 'ऑल' पहिल्याच फेरीत नको. आधी फक्त नव्या कर्नलची बांधा, संगणक दोनदा सुरू करून पाहा, मग सगळ्यांची. साक्षेपीताई, हे तुम्हालाही.

---

साक्षेपी

बरं झालं हे वेळेवर वाचलं. दोन दिवस घेतले आणि एका संगणकापासून सुरुवात केली. फाइलमध्ये आता तीन ओळी आहेत, दोन ब्लॅकलिस्ट आणि एक इन्स्टॉल-फॉल्स. इनिटरॅमएफएस आधी नव्या कर्नलची, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची. एलएसइनिटरॅमएफएसमध्ये फाइल दिसते आहे.

मग लावलेल्या पेन ड्राइव्हसह सुरू केला, न लावता सुरू करून मग लावला, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर, आणि जुना कर्नल निवडून हे सगळं पुन्हा. कशानेही यूएसबी_स्टोरेज आलं नाही. कळफलक आणि माउस व्यवस्थित, त्यांचं मॉड्यूल वेगळं आहे हेही यात कळलं. फर्मवेअरचा पासवर्ड लावला.

अकरा संगणक झाले. बाराव्यावर हे सगळं करूनही पेन ड्राइव्ह उघडतो आणि एलएसमॉडमध्ये यूएसबी_स्टोरेजचं नावच नाही. हा एक छोटा बोर्ड आहे, त्याचा कर्नल वेगळा येतो.

---

खोलवर

त्या कर्नलच्या फोल्डरमध्ये मॉड्यूल्स.बिल्टइन नावाची फाइल आहे, तीत यूएसबी-स्टोरेज शोधा. सापडलं तर तो ड्रायव्हर मॉड्यूल नाहीच, कर्नलच्या पोटात बांधलेला आहे. त्याला ब्लॅकलिस्ट, इन्स्टॉल, कर्नलची ती ओळ, काहीही लागू होत नाही, कारण लोड करण्यासारखं काही उरतच नाही.

---

साक्षेपी

सापडलं. आहे तिथे.

---

खोलवर

मग त्या एका संगणकावर यूएसबीगार्ड लावा. कर्नल नव्याने बांधणं हा दुसरा मार्ग, पण एका बोर्डासाठी दर अपडेटला ते करत बसणं मला योग्य वाटत नाही. फोनचा प्रश्न उरलेल्या अकरांवरही आहेच, तेव्हा तिथेही तेच लावता येईल. नियम लिहिण्याआधी कळफलक आणि माउस जोडून ठेवा आणि यूएसबीगार्डकडूनच सुरुवातीचे नियम तयार करून घ्या, म्हणजे जे जोडलेलं आहे ते परवानगीच्या यादीत आपोआप येईल.

---

साक्षेपी

उद्या सकाळी बाराव्यापासूनच सुरुवात करते. नियमांची फाइल इथे टाकेन, कोणीतरी नजरेखालून घाला.